शून्य रुपयांचं तिकीट आणि गहाण पडलेलं वऱ्हाड

हैदराबादेत संध्याकाळच्या वेळी कोठीच्या बसथांब्यावर उभं राहिलं, की राज्याचं अर्थकारण फुकटात बघायला मिळतं. बस येते, बायका चढतात, कंडक्टर 'आधार चूपिंचंडी' म्हणतो. पर्समधून, पदराच्या गाठीतून कार्डं बाहेर येतात. मशीन कुरकुरतं आणि बोटभर कागद हातात पडतो. त्यावरचं भाडं शून्य. इथे सगळे त्याला 'झीरो टिकट' म्हणतात. पुरुष मागच्या दारानं चढतात आणि पैसे मोजतात.

थांब्याच्या मागे एक भिंत आहे आणि भिंतीपलीकडे पांढऱ्या उंच खांबांची जुनी इमारत. ही ब्रिटिश रेसिडेन्सी. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिकनं ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी केली. पुढे तिथे मुलींचं कॉलेज आलं, आता महिला विद्यापीठ आहे. 1853 मध्ये इथे राहणाऱ्या कर्नल जॉन लो या रेसिडेंटनं, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या दरबारातल्या प्रतिनिधीनं, निजामाकडून ज्या तहावर सही घेतली, त्या तहानं वऱ्हाड गहाण पडलं. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ हा मुलूख लढाईत हरला नव्हता. थकलेल्या बाकीपायी गेला होता. भिंतीच्या अलीकडचं तिकीट आणि पलीकडचा तह यांचा संबंध काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी तिकिटाचं. महिलांच्या मोफत बसप्रवासाची ही योजना तेलंगणात 9 डिसेंबर 2023 रोजी, म्हणजे काँग्रेस सरकार आल्यावर दोनच दिवसांत सुरू झाली. जुलै 2025 पर्यंत महिलांचे 200 कोटी मोफत प्रवास पूर्ण झाल्याचं सरकारनं जाहीर केलं आणि त्यांची किंमत 6,680 कोटी रुपये सांगितली. तिकीट शून्याचं असलं तरी भाडं शून्य होत नाही. एसटी महामंडळाच्या वहीत ते सरकारच्या नावे मांडलं जातं आणि सरकार ते करातून भरतं, किंवा भरायचं राहतं. तरीही या योजनेवर माझा फारसा राग नाही. सिकंदराबादहून कोठीला रोज कामाला येणाऱ्या बाईचे महिन्याला वाचणारे पैसे खरे आहेत आणि खर्च डोळ्यांसमोर आहे. विधानसभेत कुणीही उठून विचारू शकतो, आकडा काय? खर्चाबाबत जुन्या वळणाचा माणूस म्हणून मला धास्ती वाटते ती ज्या खर्चाचं तिकीटच फाटत नाही, त्याची.

ती धास्ती हैदराबादेनं दोनशे वर्षांपूर्वी अनुभवली आहे.

त्या काळी निजामाचा कारभार राजा चंदूलाल बघत. माणूस दिलदार. स्वतः 'शादान' या नावानं कविता करायचे, कवींना पोसायचे, दानधर्मात हात सैल. पण ज्या खजिन्यातून हे चालायचं तो रिकामा होता. महसूल मक्त्यानं दिलेला, मक्तेदार रयतेला पिळून आपली वसुली आधी करून घेणार, आणि वर 'कंटिंजंट' या फौजेचा खर्च. ही फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज, पगाराचं बिल निजामाच्या माथी. शांततेच्या काळात अशी कायमची फौज पोसायला निजाम इंग्रजांशी झालेल्या 1800 च्या तहानं खरोखर बांधील होता का, हा वाद तेव्हाही होता. पण बिल मात्र येत राहिलं.

मग आली विल्यम पामर आणि कंपनी. पामर हा इंग्रज बाप आणि मोगल घराण्यातली आई यांचा मुलगा, हैदराबादेतला सावकार. त्याच्या पेढीतल्या एका भागीदाराचं लग्न गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या पालित मुलीशी झालेलं, त्यामुळे कलकत्त्यात वजन. पेढी सरकारला शेकडा 25 च्या घरातल्या व्याजानं पैसे देई आणि वसुलीसाठी तालुक्यांचा महसूल लावून घेई. 1820 मध्ये पामर पेढीनं 60 लाखांचं मोठं कर्ज मंजूर करून घेतलं. कारण सांगितलं कारभार सुधारण्याचं. त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला. त्यानं वह्या उघडल्या तर नवा पैसा फारसा आलेलाच नाही. जुनी बाकी नव्या नावानं लिहिलेली, आणि वर 8 लाख भागीदारांचं बक्षीस म्हणून मुद्दलात मिसळलेले. पेढी मोडायची तर देणं फेडायला हवं. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं फेडलं, पण फुकट नव्हे. उत्तर सरकार या किनारपट्टीच्या मुलखाबद्दल कंपनी निजामाला दरसाल 7 लाख पेशकश देत असे. ती कायमची बंद आणि तिच्या बदल्यात 1 कोटी 16 लाखांच्या वर एकरकमी. वर्षानुवर्षांचं उत्पन्न एका व्यवहारात संपलं.

एवढ्यानं शहाणपण आलं नाही. फौजेचा पगार थकतच राहिला, कंपनी आगाऊ देत राहिली आणि व्याज लावत राहिली. 1853 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीनं तगादा लावला. निजाम नासिरुद्दौलानं तहात 'कायमचं' हा शब्द घालू द्यायला नकार दिला. एवढीच काय ती त्याची राखलेली इज्जत. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब फौजेच्या खर्चापोटी कंपनीच्या हवाली झाले. खर्च वजा जाऊन उरेल ते निजामाला परत मिळेल, असं कलम होतं. 1860 मध्ये दुसरा तह झाला. धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, 50 लाखांची बाकी माफ झाली. पण एक अट आली: वऱ्हाडाच्या जमाखर्चाचा हिशेब निजामानं यापुढे मागायचा नाही. आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरला कापूस मिळेना, वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. तो पैसा कुठे गेला, हे विचारायची सोय धन्यानं स्वतःच गमावली होती.

1853 च्या तहानंतर काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क वारले आणि त्यांचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग दिवाण झाला. माझ्या मते हैदराबादच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा कारभारी. त्यानं केलेली कामं ऐकायला नीरस आहेत. अरब जमादारांकडे आणि सावकारांकडे गहाण पडलेले तालुके एकेक करून सोडवले. मक्तेदारी मोडून पगारी अधिकारी नेमले. 1865 मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, केली. आजच्या मराठवाड्यातल्या जिल्ह्यांचा सांगाडा तिथला आहे. एवढं करून 1876 मध्ये तो इंग्लंडला गेला. वऱ्हाड परत मागणं ही त्याची आयुष्यभराची धडपड. तिथे मानसन्मान भरपूर झाले, वऱ्हाड मिळालं नाही. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झननं ते वर्षाला 25 लाखांच्या भाड्यावर कायमचं लावून घेतलं.

आता आजच्या तेलंगणाकडे. 2 जून 2014 ला राज्य झालं तेव्हा हैदराबादसारखं दुभतं शहर पदरात होतं. नऊ वर्षांनी सरकार बदललं आणि नव्या अर्थमंत्र्यांनी, मल्लू भट्टी विक्रमार्क यांनी, 20 डिसेंबर 2023 रोजी विधानसभेत श्वेतपत्रिका मांडली. राज्य झालं त्या वर्षाचं कर्ज 72,658 कोटी. श्वेतपत्रिकेच्या वेळी एकूण 6,71,757 कोटी. जुन्या सरकारनं चार दिवसांत आपली प्रतिपत्रिका काढली: कर्ज फुगवून दाखवलंय, महामंडळं स्वतः फेडतात ती कर्जंही यात घुसडली आहेत, आणि कर्जातून जे उभं राहिलं ते बघा. हा आक्षेप पूर्ण चूक नाही. पण श्वेतपत्रिकेतली फोड बघण्यासारखी आहे. राज्यानं स्वतःच्या नावावर घेतलेलं कर्ज 3,89,673 कोटी. उरलेलं सगळं महामंडळांच्या नावावरचं, आणि त्यातल्या 1,27,208 कोटींचे हप्ते महामंडळ नव्हे, तर सरकारच भरतं.

हे असं का होतं ते समजून घ्यायला हवं. राज्यांनी वर्षाला किती कर्ज काढावं याला राज्याच्या एकूण उत्पादनाच्या साधारण 3 टक्क्यांची वेस आहे. शिवाय राज्यघटनेच्या 293 व्या कलमानुसार, केंद्राचं देणं अंगावर असलेल्या राज्याला नवं कर्ज काढताना केंद्राची संमती लागते. महामंडळाला ती लागत नाही. म्हणून सरकार एक महामंडळ काढतं, त्याला हमी देतं, महामंडळ कर्ज उचलतं आणि हप्ते मात्र सरकारच्या तिजोरीतून जातात. सोसायटीचं कर्ज थकलेला शेतकरी नवं कर्ज पुतण्याच्या नावावर काढतो, त्यातलाच हा प्रकार. पुतण्याला ना शेत, ना नांगर. 2022 मध्ये केंद्रानं जाहीर केलं, की ज्या कर्जाचे हप्ते राज्याच्या अर्थसंकल्पातून जातात ते राज्याचंच कर्ज मानलं जाईल. तेलंगणानं तेव्हा मोठा आरडाओरडा केला. संघराज्याच्या मुद्द्यावर त्यात थोडं तथ्य असेलही; हिशेबाच्या मुद्द्यावर काही नव्हतं.

या पुतण्यांमधला सर्वांत मोठा म्हणजे कालेश्वरम. गोदावरीचं पाणी मेडीगड्ड्याला अडवून, पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून, अर्धा किलोमीटरहून जास्त उंचीवर न्यायचं. धरणाचं एक टोक तेलंगणात, दुसरं आपल्या गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात. त्यासाठी ऑगस्ट 2016 मध्ये मुंबईत दोन्ही राज्यांचा करार झाला आणि 21 जून 2019 च्या उद्घाटनाला देवेंद्र फडणवीस हजर होते. नेत्यांनी फीत कापली. पाण्याखाली जाणाऱ्या शेतांचं रडगाणं सिरोंच्याचे शेतकरी पुढे कित्येक वर्षं गात राहिले. 21 ऑक्टोबर 2023 ला, निवडणूक महिन्यावर आलेली असताना, मेडीगड्ड्याचे खांब खचले. फेब्रुवारी 2024 मध्ये कॅगचा अहवाल विधानसभेत आला. केंद्रीय जल आयोगाला सांगितलेला खर्च 81,911 कोटी होता. प्रत्यक्षात तो 1.47 लाख कोटींच्या पुढे जाण्याची चिन्हं. लाभ-खर्चाचं गुणोत्तर 0.52 वर येऊ शकतं, म्हणजे रुपया घातला तर 52 पैसे हाती. पंप चालवायची वीज तर दरवर्षीच लागणार.

काहीजण म्हणतील, पाण्याला किंमत लावता येत नाही. लावावी लागते, कारण बँक लावते. कालेश्वरमच्या महामंडळाला स्वतःची कमाई जवळजवळ नाही. पाणी आलं नाही तरी हप्ता येतो. खांब खचला तरी येतो.

पैसा उभा करायचा दुसरा मार्ग विकण्याचा. याचा नमुना पाहायचा तर 2023 चा ऑगस्ट पाहावा. 3 ऑगस्टला कोकापेटला सरकारी जमिनीचा लिलाव झाला. एका भूखंडाला एकरी 100 कोटी 75 लाखांचा भाव आला, शहरभर पेढे वाटावेत असा उत्साह. कित्येक वर्षं रखडलेली शेतकऱ्यांची कर्जमाफी त्याच दिवसापासून पुन्हा सुरू करण्याची घोषणा आदल्या दिवशी झालेली, रक्कम सुमारे 19 हजार कोटी. याच महिन्यात शहराभोवतीचा 158 किलोमीटरचा बाह्य रिंगरोड 30 वर्षांच्या टोलवसुलीसाठी खासगी कंपनीकडे गेला, बदल्यात 7,380 कोटी एकरकमी. आणि याच महिन्यात राज्यातल्या 2,620 दारू दुकानांच्या परवान्यांसाठी अर्ज मागवले गेले. परवाने सुरू व्हायचे 1 डिसेंबरला, म्हणजे मतदान उरकल्यावर! अर्जाचे 2 लाख, परत न मिळणारे. 1 लाख 30 हजारांहून जास्त अर्ज आले. एकही बाटली न विकता 2,600 कोटींवर तिजोरीत.

मालमत्ता विकण्यात पाप नाही. घराण्यानं वापरात नसलेला वाडा विकून विहीर खोदली तर त्याला कुणी नावं ठेवत नाही. वाडा विकून दिवाळी केली तर ठेवतात. आपल्याकडे त्यालाच ऋण काढून सण म्हणतात, फक्त इथे सण निवडणुकीचा असतो. रिंगरोडचा टोल ही पुढच्या तीन दशकांची मिळकत. ती आज उचलून कर्जमाफीच्या वर्षात वापरणं आणि 7 लाखांची पेशकश सोडून पामरचं देणं भागवणं, यात मला फक्त शून्यांचा फरक दिसतो.

नवं सरकार वेगळं निघालं का? श्वेतपत्रिका काढणाऱ्यांकडून ती अपेक्षा होती. पण ते सहा 'गॅरंटी' देऊन आले होते. 2 लाखांपर्यंतची पीककर्जमाफी 2024 मध्ये पुन्हा झाली, सुमारे 20 हजार कोटींची. शेतकऱ्यांना एकरी मदतीची जुनी रयतु बंधू योजना नाव बदलून चालू राहिली. तिचा मूळ दोष असा, की पैसे सातबाऱ्यासारख्या कागदावर ज्याचं नाव त्याला. कूळ म्हणून राबणाऱ्याच्या हाती काही नाही आणि जमीन जास्त तितके पैसे जास्त. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं, तेही शेजारच्या सावकाराच्या दारात. 2025 मध्ये मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनीच महिन्याचा हिशेब उघड केला: उत्पन्न साधारण 18,500 कोटी, त्यातले 6,500 कोटी पगार-पेन्शनला, तितकेच कर्ज आणि व्याजाला. उरलेल्यात रस्ते, दवाखाने, शाळा आणि सहा गॅरंटी. त्यांच्या प्रामाणिकपणाला दाद द्यायला हवी. पण हा हिशेब प्रचारसभेत सांगितला असता तर जास्त बरं झालं असतं.

त्याच वर्षी गच्चीबावलीच्या विद्यापीठाशेजारच्या 400 एकर जमिनीचं प्रकरण गाजलं. झाडं पाडायला यंत्रं गेली, विद्यार्थी आडवे झाले, एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं काम थांबवलं. सगळी चर्चा मोर आणि हरणांची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण याच जमिनीच्या आधारावर राज्याच्या औद्योगिक महामंडळानं आधीच सुमारे 10 हजार कोटी रुपये उभे केले होते, ही ओळ बातम्यांच्या तळाशी राहिली.

आजचं मरण उद्यावर ढकलण्याची आणखी एक तऱ्हा आहे. 2021 मध्ये निवृत्तीचं वय 58 वरून 61 केलं. कर्मचारी खूश, आणि ग्रॅच्युइटीचे धनादेश तीन वर्षं लांबले म्हणून तिजोरीही खूश. तीन वर्षं 2024 मध्ये संपली. मग थांबलेले सगळे एकदम निवृत्त होऊ लागले आणि आयुष्यभराच्या कमाईसाठी अनेकांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

याला नेहमीचं उत्तर म्हणजे तेलंगणा श्रीमंत आहे. आहेच. 2024-25 मध्ये दरडोई उत्पन्न 3,79,751 रुपये, देशात वरच्या ओळीत. पण 2025-26 च्या 3,04,965 कोटींच्या अर्थसंकल्पात भांडवली खर्च, म्हणजे ज्यातून उद्याची मिळकत उभी राहते तो, 36,504 कोटी. महसुली खर्च 2,26,982 कोटी. श्रीमंत घर असं चालत नाही. श्रीमंती होती म्हणून तर पामरही चंदूलालना पैसे देत गेला. भिकाऱ्याला कोण देतो?

महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथे हसू नये. महामंडळाच्या नावावर सिंचनासाठी कर्ज काढण्याची युक्ती आपणच 1996 मध्ये कृष्णा खोऱ्यासाठी वापरली होती, सरकारी हमीचे रोखे लोकांना विकून. लाडकी बहीण योजना जुलै 2024 पासून लागू झाली, त्याच वर्षी निवडणूक झाली. 2025-26 ला तिच्यासाठी 36 हजार कोटींची तरतूद होती, आणि त्याच अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाण्याचा अंदाज होता. निवडणुकीआधी भरभरून अर्ज मंजूर झाले, नंतर पडताळणी सुरू झाली. क्रम उलटा असायला हवा होता, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

माझी मागणी मोफत बस बंद करा अशी नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत सरकारी हमींचं एक विवरणपत्र असतं, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. ते अर्थमंत्र्यांच्या भाषणात पहिल्या पानावर वाचून दाखवावं, घोषणांच्या आधी. आणि पुढच्या मार्चमध्ये, मुंबईत असा की हैदराबादेत, आपल्या आमदाराला तेवढं एक पान मागा.

वऱ्हाड निजामाकडे परत कधीच आलं नाही. त्याला 1853 मध्ये मुदत लिहिलेली नव्हती. हैदराबादच्या रिंगरोडला लिहिलेली आहे. ती 2053 मध्ये संपते.